एकनाथरावांचा शेऱ्याचा रकाना

एकनाथ माळवदे यांनी एकतीस वर्षं बॉयलरची डिझाइनं केली आणि त्या एकतीस वर्षांत एकही खोटा आकडा कागदावर लिहिला नाही. तोंडी मात्र ते पुष्कळ खोटं बोलत, आणि त्यातलं बहुतेक बायकोशी.

२००४ साली ते रिटायर झाले, तेव्हा शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये त्यांना तीस वर्षं होत आली होती. मुलगी आसावरी लग्न होऊन वेस्ट विंडसरला गेलेली, घरात दोघंच. मीनाक्षीताई पॅथॉलॉजिस्ट. त्यांनी हॉस्पिटलातलं काम आठवड्याला तीन दिवसांवर आणलं होतं, पण नवऱ्याच्या रक्तावर त्यांची नजर सातही दिवस असे. शुगर वाढली होती.

"गोळी आत्ताच वाढवायची नाही," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी तासभर चालायचं. नदीकाठी इतका छान रस्ता केलाय."

एकनाथराव रोज सकाळी नऊला चालायचे बूट घालून गाडीत बसत. नदीकाठी जायला कोपऱ्यावर डावीकडे वळावं लागे. ते उजवीकडे वळत. उजवीकडे दोन मैलांवर हार्लन रोडचं रेल्वे फाटक होतं. फाटकाशेजारच्या मोकळ्या जागेत ते गाडी लावत, डिकीतून घडीची खुर्ची काढत आणि अकरापर्यंत मालगाड्या बघत बसत.

मीनाक्षीताईंनी पावलं मोजायचं यंत्र आणलं, तेव्हा एक पंचाईत झाली. पण फार दिवस टिकली नाही. एकनाथरावांनी ते यंत्र बुटाच्या नाडीला अडकवलं आणि बसल्या बसल्या पाय हलवायची सवय लावून घेतली. एक मालगाडी जाईस्तोवर सहाशे पावलं सहज होत. घरी येऊन ते आकडा दाखवत. मीनाक्षीताई आकडा बघत, रक्ताचा रिपोर्ट बघत, आणि पुन्हा आकडा बघत. वैद्यकशास्त्रात याचं उत्तर त्यांना काही केल्या सापडत नव्हतं.

त्या फाटकावरून जाणारी लाइन होती प्रेअरी बेल्ट नावाच्या एका छोट्या, जुन्या कंपनीची. शिकागो शहराला लांबून अर्धा वळसा घालणारी एकेरी लाइन. एकनाथराव तिला कंबरपट्टा म्हणत. तिची इंजिनं म्हातारी, पोपटी रंगाची, आणि पोलादाच्या कारखान्यांचा माल वाहण्यापलीकडे त्यांना फारसं काम नव्हतं. दिवसाला पाच-सहा गाड्या, जवळजवळ सगळ्या सकाळच्याच. ज्याला घाई नाही अशा माणसाला अगदी पुरे.

फाटकावर त्यांना दोन माणसं भेटली. एक वॉल्ट. हा रिटायर्ड पोस्टमन, त्याचे वडील याच प्रेअरी बेल्टवर गाडीचे ब्रेक सांभाळणारे ब्रेक्समन होते. तो एकनाथरावांना नुसतं 'एक' म्हणे, आणि येताना डोनट आणी. दुसरी गिरिजा. ही मूळची भुसावळची, वडील रेल्वेत गार्ड; शिकागोला वाहतूक या विषयात पीएच.डी. करत होती आणि शनिवारी लोकल ट्रेनने नेपरव्हिलला येई. इंजिन दिसण्याआधी नुसत्या आवाजावरून ती त्याची जात सांगे. वॉल्टने तिला पहिल्याच दिवशी खुर्ची दिली. हा मान त्याने एकनाथरावांनाही दिला नव्हता.

आणि होती एकनाथरावांची वही. वेळ, इंजिन नंबर, डबे, फाटक किती वेळ बंद, आणि शेवटी शेरा. आकडे इंग्रजीत, शेरा मराठीत. शेरा माणसाने स्वतःच्या भाषेतच मारावा असं त्यांचं मत होतं. बॉयलरच्या कंपनीत तशी सोय नव्हती, म्हणून ती सगळी हौस इथे फिटे. तीन वर्षांत तीन वह्या भरल्या.

२००७ च्या सप्टेंबरमध्ये बातमी आली. एक बलाढ्य रेल्वे कंपनी कंबरपट्टा विकत घेणार होती. तिच्या गाड्या शिकागोच्या मधोमध तासन् तास रखडत. त्या आता शहराला वळसा घालून इथून जाणार होत्या. पाचाच्या वीस होणार, आणि एकेक गाडी दीड-दीड मैल लांब.

त्या शनिवारी फाटकावर डोनट आले नाहीत. वॉल्ट हात हलवतच आला.

"ते रंग बदलतील," तो म्हणाला. "नाव पुसतील. माझ्या बापाच्या टोपीवर जे नाव होतं ते कुठे दिसणार नाही."

"पण वॉल्ट, ट्रॅफिक बघ ना," गिरिजा म्हणाली. "ही लाइन मरत चाललीये. कारखाने बंद पडतायत. मर्जर झालं नाही तर दहा वर्षांत इथे गवत उगवेल. झालं तर दर तासाला गाडी. आणि इंजिनं कसली असतील, यार. काका, तुम्ही सांगा ना याला."

एकनाथराव वॉल्टकडे बघून म्हणाले, "बरोबर आहे तुझं." मग गिरिजाकडे बघून मराठीत म्हणाले, "तुझंही बरोबर आहे गं."

हा नुसता चतुरपणा नव्हता. ते कुर्डुवाडीचे. त्यांचे वडील बार्शी लाइट रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. ती चिमुकली कंपनी सरकारने घेतली तेव्हा एकनाथ तेरा वर्षांचा होता. डब्यांवरची जुनी अक्षरं खरवडून काढताना त्याने वडिलांना पाहिलं होतं. वडील अगदी सावकाश खरवडत होते, एरवी ते कामाला फार चपळ. पण त्याच वर्षी वडिलांचा पगार पहिल्यांदा वेळेवर यायला लागला आणि एकनाथची शाळा सुटता सुटता राहिली. त्यामुळे मोठ्या माशाने लहान मासा गिळला की रडायचं की हसायचं, हे त्यांचं त्यांनाच कधी ठरवता आलं नव्हतं.

घरी मात्र सगळं ठरलेलं होतं. त्यांच्या अंगणात एक पाटी उभी राहिली: 'मालगाड्या नकोत.' ती मीनाक्षीताईंनी स्वतः ठोकली होती. मर्जरविरुद्ध गावात कमिटी निघाली. डॉक्टर केलर नावाचे दातांचे डॉक्टर तिचे चेअरमन, आणि मीनाक्षीताई महिन्याभरात त्यांचा उजवा हात.

"हार्लन रोडच्या पलीकडे बारा हजार लोक राहतात," त्या म्हणाल्या. "हॉस्पिटल अलीकडे. फाटक बंद असलं की अॅम्ब्युलन्स काय उडून येणार? तुम्हाला गाड्या आवडतात, ठाऊक आहे मला. पण या बाबतीत तुम्ही माझ्या बाजूला आहात ना?"

"अर्थात," एकनाथराव म्हणाले.

अशा रीतीने ते तिन्ही बाजूंना झाले. वॉल्टबरोबर रंगासाठी हळहळत, गिरिजाबरोबर नव्या इंजिनांच्या गप्पा मारत, आणि घरी येऊन पाटी वाऱ्याने कलली असली तर सरळ करत. सहा-आठ महिने हे बिनबोभाट चाललं.

पुढल्या वर्षी मे महिन्यात, एका रविवारी दुपारी, कमिटीची मीटिंग माळवद्यांच्या घरी होती. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनहून, अशा मर्जरला परवानगी देणाऱ्या सरकारी बोर्डाचे अधिकारी सुनावणीला येणार होते. एकनाथराव चहाचे कप फिरवत होते. केलर सांगत होते, "आज रोज साधारण दहा गाड्या जातात, आणि फाटक दरवेळी पंधरा मिनिटं बंद असतं."

एकनाथरावांच्या हातातला ट्रे थांबला. तोंडी खोटं त्यांना चाले. पण हा आकडा होता, आणि केलर तो कागदावर लिहीत होते.

"पाच पूर्णांक तीन," ते म्हणाले. "आणि सरासरी चार मिनिटं दहा सेकंद."

खोलीतले सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"तुम्हाला कसं माहीत?" मीनाक्षीताईंनी विचारलं.

"अंदाज."

"अंदाज दशांशात येतो?"

"चालता चालता टिपून ठेवतो."

"नदीकाठी फाटक कुठून आलं?"

"हल्ली रूट बदललाय मी," एकनाथराव म्हणाले आणि चिवडा आणायला आत गेले.

चिवडा घेऊन बाहेर येईपर्यंत केलर जागचे उठले होते. नोंद किती वर्षांची आहे, ते त्यांनी विचारून घेतलं. तीन वर्षांची रोजची नोंद, आणि तीही इंजिनियरने केलेली; कंपनीच्या वकिलांकडेसुद्धा असलं काही नसेल. आज फाटक सरासरी चार मिनिटं बंद असतं हे एकदा सिद्ध झालं, की उद्या किती वाढेल ते दाखवता येईल. त्यांना वह्या हव्या होत्या. एकनाथराव म्हणाले, मी आकडे टाइप करून देतो. केलर म्हणाले, बोर्डाला मूळ कागद लागतात.

दुसऱ्या दिवशी एकनाथरावांनी वह्या नेऊन केलरांच्या हातात दिल्या, थेट त्यांच्या दवाखान्यात. शेऱ्याची त्यांना काळजी नव्हती. दातांच्या डॉक्टरला देवनागरी कुठून येणार? वॉशिंग्टनच्या अधिकाऱ्यांना तरी कुठून येणार? निवेदन करायला खुद्द केलर उभे राहणार होते. पण सुनावणीच्या आदल्या दिवशी त्यांचा घसा बसला आणि त्यांनी फोनवर कुजबुजत मीनाक्षीताईंना सांगितलं की बोलायचं तुम्हीच. डॉक्टर बाई बोलली की वजन पडतं. स्लाइड तयार आहेत, हॉलमध्येच बघा.

एकनाथरावांना हे कळलं ते हायस्कूलच्या हॉलमध्ये, तिसऱ्या रांगेत बसल्यावर.

एका बाजूला वॉल्ट होता. त्याने वडिलांची टोपी घातली होती. दुसऱ्या बाजूला गिरिजा. मागे चारशेक लोक, त्यांत महाराष्ट्र मंडळातली दहा-बारा ओळखीची डोकी. स्टेजवर बोर्डाचे तीन अधिकारी. मीनाक्षीताई मोरपंखी साडी नेसून माइकपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडे एक वस्तुनिष्ठ पुरावा आहे."

पडद्यावर वहीचं पान आलं, चादरीएवढं. १४ मार्च २००७. मीनाक्षीताईंनी काठी पहिल्या रकान्यावर ठेवली. वेळ. इंजिन. डबे. फाटक. काठी शेवटच्या रकान्यापाशी आली आणि थांबली.

तिथे ठळक, सुवाच्य अक्षरांत लिहिलं होतं: 'डोनट २ (एक वॉल्टच्या वाटणीचा). घरी सांगितले, चार मैल चाललो.'

मागच्या रांगांतून कुणीतरी खाकरलं. गिरिजाने ओढणी तोंडात कोंबली. एकनाथराव खुर्चीत जमेल तितके खाली सरकले.

"डॉक्टर," मधले अधिकारी म्हणाले, "शेवटच्या कॉलममध्ये काय आहे?"

मीनाक्षीताई पडद्याकडे बघत होत्या. "हवामान," त्या म्हणाल्या.

"बरंच सविस्तर दिसतंय."

"नोंद करणारा माणूस बारकाईने बघणारा आहे."

पुढचं पान. 'सौ. विचारत होती शुगर का उतरत नाही. म्हणालो, आनुवंशिक असेल. ती विचारात पडली. फार गुणी बाई.'

"आणि हे?" अधिकाऱ्यांना आता खरोखरच रस वाटायला लागला होता.

"धुकं," मीनाक्षीताई म्हणाल्या. "कारण तेव्हा कळलं नव्हतं. आता कळलंय."

महाराष्ट्र मंडळाची आख्खी रांग हसली. बाकीचे चारशे लोक, या देशातलं हवामान मराठी लोकांना इतकं का हसवतं, म्हणून माना वळवून बघायला लागले. वॉल्टने एकनाथरावांना कोपरखळी मारली. "माझं नाव आहे का त्यात?" त्याने विचारलं. एकनाथरावांनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, हे कळायला मार्ग नव्हता.

तिसरं पान ऑक्टोबर २००६ चं होतं. केलरांनी ते निवडलं होतं, कारण त्या दिवशी फाटक सहा मिनिटं वीस सेकंद बंद होतं. वहीतला सर्वांत मोठा आकडा. मीनाक्षीताईंनी काठी उचलली, शेरा वाचला, आणि काठी खाली घेतली.

"हा मी तुम्हाला शब्दशः सांगते," त्या म्हणाल्या. मग सावकाश, एकेक वाक्य इंग्रजीत करत त्यांनी वाचलं: "अॅम्ब्युलन्स पलीकडे अडकली. आत कुणी बाई आहे, तिचा नवरा बाहेर उतरून गाडीचे डबे मोजतोय. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. काही करता येईना. बहात्तर डबे. मला आज गाडी बघवली नाही."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. मधल्या अधिकाऱ्यांनी तारीख पुन्हा विचारली आणि लिहून घेतली. मीनाक्षीताई पुढे दोनच वाक्यं बोलल्या: आज पाच गाड्यांत हे होतं, तर विसांत काय होईल याचं गणित तुम्हीच करा. आणि वेळ संपायच्या आधीच खाली उतरल्या.

परतीच्या वाटेवर गाडी त्याच चालवत होत्या.

"किती?" त्यांनी विचारलं.

"काय किती?"

"डोनट."

"दोन."

"रोज?"

"मंगळवारी वॉल्ट येत नाही."

सिग्नल लागला. मीनाक्षीताईंनी ब्रेकवर पाय ठेवला. "ते अॅम्ब्युलन्सचं मला का नाही सांगितलंत? दोन वर्षं झाली त्याला."

"सांगितलं असतं तर मी तिथे काय करत होतो तेही सांगावं लागलं असतं."

"ती बाई वाचली का?"

"माहीत नाही," एकनाथराव म्हणाले. "आठवडाभर रोज पेपर बघत होतो. नाव नव्हतं माहीत, तर काय बघणार?"

मीनाक्षीताईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. सिग्नल हिरवा झाला. रागावायचं त्यांनी ठरवलं होतं, तो राग घरी पोहोचेपर्यंत निम्मा झाला. पण उरलेला निम्मा पुरेसा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्यांनीही बूट घातले.

"चला," त्या म्हणाल्या. "फाटकावर. चालत."

दोन मैल चालत जायला एकनाथरावांना त्रेपन्न मिनिटं लागली. तिथे खुर्ची नव्हती, कारण गाडी घरी होती. वॉल्टने आपली खुर्ची मीनाक्षीताईंना दिली, आणि थोडा विचार करून डोनटची पिशवीही पुढे केली. त्यांनी एक घेतला आणि एकनाथरावांच्या समोर, घाई न करता, सगळा खाल्ला.

"माझी शुगर नॉर्मल आहे," त्या वॉल्टला म्हणाल्या.

डिसेंबरमध्ये बोर्डाचा निकाल आला. मर्जरला परवानगी मिळाली, पण अटींची यादी लांबलचक होती. त्यातली एक अशी की हार्लन रोडचं फाटक काढून तिथे रुळांखालून भुयारी रस्ता करायचा, आणि त्याच्या खर्चातला मोठा वाटा कंपनीने उचलायचा. निकालाच्या कागदात एका नागरिकाने ठेवलेल्या तपशीलवार नोंदींचा उल्लेख होता.

त्या शनिवारी बर्फात उभं राहून चौघांनी तो कागद वाचला. वॉल्ट हरला होता, तो बुटाने बर्फ उकरत राहिला. गिरिजा जिंकली होती, पण वॉल्टकडे बघून तिलाही नीट आनंद करता येईना. तिला टेक्सासमध्ये, प्लेनोजवळ, मालवाहतुकीच्या वेळापत्रकाची नोकरी मिळाली होती आणि जानेवारीत ती जाणार होती. तिने ते आत्ता सांगितलं. मीनाक्षीताईंच्या कमिटीला अर्धा विजय मिळाला होता.

"आणि तुझं काय, एक?" वॉल्टने विचारलं.

एकनाथराव फाटकाकडे बघत होते. मोटारी खालून जायला लागल्या की फाटक नाही, आणि फाटक नाही तर शेजारची मोकळी जागाही नाही. ती खोदकामात जाणार होती. "मी एकही आकडा चुकवला नाही," ते म्हणाले, "आणि स्वतःची बसायची जागा घालवून बसलो."

वॉल्ट हसला. गेल्या वर्षभरात मर्जरच्या विषयावर तो पहिल्यांदाच हसला होता.

जागेचा प्रश्न मीनाक्षीताईंनी सोडवला. काउंटीचा नकाशा घेऊन त्या दोन संध्याकाळी बसल्या आणि त्यांनी एक टेकडी शोधून काढली. जुन्या कचरा डेपोवर माती आणि गवत घालून केलेली, दीडशे फूट उंच. वरून कंबरपट्ट्याचं चार मैलांचं वळण दिसतं. वर गाडी जात नाही. ही शेवटची गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली.

नाताळाच्या आदल्या रविवारी तिघं वर चढले. एकनाथराव तीन वेळा थांबले आणि तिन्ही वेळा म्हणाले की दृश्य बघतोय, खरं तर झाडांच्या मागे दृश्य असं काहीच नव्हतं. वर वारा सुईसारखा होता. वॉल्टला जागा पसंत पडली नाही. इतक्या लांबून गाडी खेळण्यातली वाटते, तो म्हणाला, नंबरसुद्धा वाचता येणार नाही.

"दुर्बीण आणा," मीनाक्षीताई म्हणाल्या.

"दुर्बिणीतून बघणं म्हणजे बघणं नव्हे."

"मग खाली उतरा, जवळून बघा, आणि परत वर या. तेवढाच व्यायाम."

दोघांचं चांगलंच जुंपलं. इतक्यात दक्षिणेकडून पोपटी इंजिन निघालं, मागे बावीस डबे. एकनाथरावांनी वही काढली, हातमोजा दातांनी ओढला, आणि वेळ लिहिली. इंजिनाचा नंबर त्यांना खरोखरच दिसला नाही. त्यांनी तो रकाना कोरा सोडला, आणि शेऱ्यात काय लिहावं याचा विचार करत, बायको आणि वॉल्ट यांचं भांडण ऐकत उभे राहिले.